पाच माणसं, एक केशरी कार्ड

घराची वाटणी झाली तेव्हा भांडी, शेळ्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या असं सगळं दोन भावांत बिनभांडणाचं वाटलं गेलं. राहिलं ते रेशनकार्ड. ते एकच, सासऱ्यांच्या नावाचं, आणि त्याचे दोन तुकडे घरातल्या घरात होत नाहीत. त्यासाठी आमच्या खर्डा गावाहून जामखेडला, तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं लागतं. त्या निमित्ताने जे कळलं ते मी विचारायला येणाऱ्या बायकांना तोंडी सांगत आले. तेच आता लिहून ठेवते.

1. कार्ड मिळालं म्हणजे धान्य मिळालं असं नाही.

हे आधी डोक्यात पक्कं बसवायचं. महाराष्ट्रात 1999 पासून तीन रंगांची कार्डं आहेत. पंधरा हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असेल तर पिवळं, त्याच्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर पांढरं. पण अन्नसुरक्षा कायदा आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला आणि तेव्हापासून रंगाला फारसा अर्थ उरला नाही. आता धान्य यादीवर मिळतं. यादी दोन प्रकारची, अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब. केशरी कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असेल तर माणशी पाच किलो. शिक्का नसेल तर ते कार्ड नुसतं पिशवीत ठेवायचं.

आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून दोन घरं आहेत. दोन्हीकडे केशरी कार्ड, दोन्हीकडे पाच-पाच माणसं. एक घर महिन्याला पंचवीस किलो आणतं, दुसरं किराणा दुकानातून विकत आणतं. दुसऱ्या घरातली बाई कित्येक महिने दुकानदारावर डाफरत होती. दुकानदाराच्या हातात काही नव्हतं, तिचं नाव यादीतच नव्हतं.

म्हणून कार्ड हातात पडल्यावर पहिला प्रश्न हा, की आमच्या कार्डाचा बारा अंकी नंबर पडला का आणि तो अन्नसुरक्षेत आहे का. नंबर आहे आणि अन्नसुरक्षा नाही, असंही होतं.

2. यादीत जागा असावी लागते.

याला कचेरीत ‘इष्टांक’ म्हणतात. हा शब्द मला पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडून ऐकू आला. ‘ताई, कागद सगळे बरोबर आहेत, पण इष्टांक शिल्लक नाही.’ बोलणारा माणूस सभ्य होता, टाळतही नव्हता. कायद्याने प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांचा आकडा ठरवून दिला आहे. महाराष्ट्राचा सात कोटींच्या आसपास. ग्रामीण भागातली 76.32 टक्के आणि शहरातली 45.34 टक्के माणसं, असा तो हिशेब, आणि तोही 2011 च्या जनगणनेवरून. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आकडा जिथल्या तिथे. 2011 नंतर जन्मलेली पोरं, नव्याने वेगळ्या झालेल्या चुली, सगळ्यांनी त्याच जुन्या आकड्यात बसायचं.

मग जागा होते कशी? कुणीतरी यादीतून बाहेर पडलं की. कुणी वारलं, कुणाची मुलगी नांदायला गेली, कुणाला नोकरी लागून घर पुण्याला हललं. ही नावं कमी झाली तर नवी चढतात. पण कमी करतंय कोण? वारलेल्या म्हाताऱ्याचे पाच किलो दर महिन्याला येतायत, तर दशक्रिया झाली म्हणून कुणी लगेच जामखेडला फॉर्म भरायला पळत नाही. मला त्यांचा राग येत नाही. त्या घरातही खाणारी तोंडं आहेत. पण त्याच पाच किलोंच्या मागे कुठल्यातरी लेकुरवाळीचा अर्ज अडकून पडलाय, हेही खरं. गल्लीत कुणाला ‘तुमच्या आबांचं नाव काढा’ म्हणायचं म्हणजे वर्षभराचं बोलणं बंद. हे काम यंत्रणेनेच करायला हवं आणि आता ई-केवायसीच्या, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याच्या, निमित्ताने ते काही प्रमाणात होतंय. ग्रामसभेत यादी वाचायला लावणं हा दुसरा मार्ग. त्यात बोट कुणा एकाकडे जात नाही. यादी मागणं आपला हक्क आहे, ती काही गुपित नाही.

अर्ज मात्र जागा नसली तरी द्यायचाच. जागा झाली आणि आपला अर्जच आत नाही, तर कुणाला बोल लावणार?

3. उत्पन्नाचा दाखला काढण्याआधी हिशेब करा.

प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाचं उत्पन्न 44 हजारांच्या आत लागतं, शहरात 59 हजारांच्या. कायदा लागू झाला तेव्हाची ही मर्यादा. 44 हजार म्हणजे दिवसाला एकशेवीस रुपये, अख्ख्या घराचे. 2024-25 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. घरातल्या एका माणसाने 149 दिवस कामावर जायचं, की सरकारच्या हिशेबाने ते घर गरीब राहिलं नाही! वर्षातले उरलेले दोनशेहून जास्त दिवस त्या घराने काय खायचं, हे त्या हिशेबात कुठे बसत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा घोळ वेगळाच. नवरा-बायकोचा एक कोयता दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घेतो. ती रक्कम मोठी दिसते आणि लोक सहज बोलून जातात, ‘अमक्याला एवढे लाख मिळाले.’ उचल ही कमाई नाही, ते अंगावरचं कर्ज आहे. ते टनावारी फेडायचं असतं आणि हंगाम कमी चालला तर पुढच्या वर्षावर जातं. तलाठ्यासमोर उत्पन्न सांगताना उचल सांगायची नाही, फिटून हातात काय राहिलं ते सांगायचं. त्यात लपवाछपवी काही नाही, खरं उत्पन्न तेच असतं. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण त्यांचा अहवाल अजून तेवढाच चालतो. दाखला त्यावरच निघतो.

4. नाव आधी कमी, मग चढवायचं.

वेगळं कार्ड काढायचं तर आधी जुन्या कार्डातून आपली नावं कमी झाली पाहिजेत. नवीन कार्डाला नमुना 1, नाव वाढवायला नमुना 8, कमी करायला नमुना 9. एवढे तीन आकडे पाठ असले की सेवा केंद्रावर कुणी चुकीचा फॉर्म हातात देत नाही.

खरी अडचण सुनांची. माझं माहेर भूम तालुक्यातलं. खर्ड्यापासून शिवेपलीकडे, पण जिल्हा धाराशिव. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझं नाव वडिलांच्याच कार्डात होतं. भावाने तिकडे नाव कमी केल्याचा दाखला काढून पाठवला, तेव्हा इकडचं काम हललं. दोन्हीकडे नाव राहिलं की ते दुबार दिसतं आणि अर्ज अडतो. लेकीचं लग्न ठरलं की मांडवाच्या यादीत हा दाखलाही लिहून ठेवा.

नावातली अक्षरंसुद्धा बघा. सासूबाईंच्या नावापुढे कार्डात ‘बाई’ आहे, आधारवर नाही. एवढ्याशा ‘बाई’पायी आधार जोडताना नाव जुळेना. सगळीकडे आधारवर आहे तसंच नाव लावा आणि पोरांच्या जन्मदाखल्यापासूनच ते जपा.

आणखी एक. अन्नसुरक्षा कायद्यात कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या, अठरा वर्षांवरच्या बाईचं नाव लागतं. आमच्या नव्या कार्डावर पहिलं नाव सासूबाईंचं. उभ्या आयुष्यात सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर कुठे त्यांचं नाव आलं नव्हतं. कार्ड पाहून त्या म्हणाल्या, ‘आता ह्यांना माझ्या नावाचं खावं लागंल.’ सासऱ्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

5. पोहोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक, तारीख, सही. ऑनलाइन भरला तर अर्जाचा नंबर. बास.

6. पैसे मागणाऱ्याला पावती मागायची.

‘ताई, वर द्यावे लागतात,’ असं एका सेवा केंद्रावरच्या पोराने मला सांगितलं. मी म्हटलं, देते, पण पावती कर. मग वरचे लागेनासे झाले. 2023 पासून ई-रेशनकार्ड ऑनलाइन फुकट निघतं. घरात दहावी-बारावीचं पोर आणि फोन असेल तर अन्न व पुरवठा विभागाच्या संकेतस्थळावर पब्लिक लॉगिनमधून अर्ज घरूनच भरता येतो. केंद्रावर गेलात तर तिथे दर लावलेले असतात, तेवढेच द्यायचे. एजंट लोक हजारांच्या गोष्टी करतात आणि विकतात काय, तर इष्टांक. जो त्यांच्या हातातच नाही.

7. अंगठा.

दुकानात पॉस मशीन आलं आणि धान्याची किल्ली बोटांवर गेली. सासूबाईंनी जन्मभर खुरपं धरलं, कांदे काटले, सरकी वेचली. त्यांच्या अंगठ्यावर रेषा म्हणून काही राहिलेलंच नाही. मशीनवर अंगठा ठेवायचा, लाल दिवा. पदराने पुसायचा, पुन्हा लाल. कुणी म्हणे तेल लावा, कुणी म्हणे ओल्या फडक्याने पुसा. मागे रांगेत लोक चुळबुळ करतात आणि म्हातारं माणूस उगाच अपराध्यासारखं उभं राहतं.

यावर उपाय आहेत. कार्डावर नाव असलेल्या कुणाचाही अंगठा चालतो, त्यामुळे तरण्या माणसाने दुकानात जावं. मात्र ई-केवायसी प्रत्येकाची स्वतःची लागते. ती ‘मेरा ई-केवायसी’ नावाच्या ॲपमधून चेहरा दाखवूनही होते. सासूबाईंची आम्ही अंगणात, उजेडात बसवून केली. ॲप ‘डोळे मिचकावा’ म्हणतं, तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की चेहरा हलला आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी नातीने समोर बसून डोळे मिचकावून दाखवले. पोरांचं आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बायोमेट्रिकसह नवं करून घ्यावं लागतं, तेही विसरू नका. पोराचं आधार जुनं राहिलं की ई-केवायसीला तेच नाव अडतं.

8. कारखान्यावर गेलात तरी धान्य सोडू नका.

हे आमच्या भागात सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे आणि सगळ्यात जास्त कामाचं आहे. ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडल्या की घरं पाच-सहा महिने कुलपात. पूर्वी तेवढ्या महिन्यांचं धान्य बुडायचं. आता ‘एक देश एक रेशनकार्ड’ आहे. बारा अंकी नंबर आणि आधार घेऊन कारखान्याच्या गावातल्या कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात जा, परराज्यात असलात तरी चालतं. आणि सगळं एकाच जागी उचललं पाहिजे असंही नाही. गावी राहिलेले म्हातारा-म्हातारी त्यांच्यापुरतं इथे घेतात, जोडप्याने उरलेलं तिकडे घ्यायचं. तिकडचा दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला तर मशीनवर नंबर टाकून बघा म्हणायचं. मशीनला गाव दिसत नाही, नंबर दिसतो.

9. शिवेपलीकडचं बघून जीव जाळू नका, पण विचारा मात्र.

माझ्या भावाचं कार्डही केशरी, तोही जिरायतदार, त्याचंही नाव प्राधान्य यादीत नाही. तरी त्याला 2015 पासून दोन-तीन रुपये किलोने धान्य मिळालं आणि 2023 पासून धान्याऐवजी, सुरुवातीला माणशी महिना 150 रुपये, खात्यावर यायला लागले. कारण शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून जे चौदा जिल्हे निवडले, त्यांत बीड आहे, धाराशिव आहे, आमचा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, नाही. खर्डा तीन जिल्ह्यांच्या शिवेवर. निजाम आणि मराठे 1795 मध्ये इथेच लढले. आता लढाई नाही, पण शीव अजून तशीच पक्की. बांध एक, पाऊस एक, सोयाबीनचा भाव एक आणि सवलत मात्र जिल्हा बघून. हे मला अजून पटलेलं नाही. पाऊस न पडलेल्या गावांना धरून योजना आखता आली असती. तिकडच्या पाव्हण्यांचं ऐकून इथल्या दुकानदाराशी भांडू नका, एवढं मात्र सांगते.

10. एकट्या म्हातारीसाठी अंत्योदयच मागा.

जानेवारी 2023 पासून दोन्ही याद्यांतल्यांना धान्य फुकट आहे, पण मापात फार फरक. प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो, अंत्योदयात कार्डामागे पस्तीस, घरात माणूस एक असो की सहा. म्हणजे मोठ्या घराला प्राधान्य परवडतं आणि एकट्या बाईला अंत्योदय. विधवा, अपंग, दुर्धर आजारी, निराधार वृद्ध, भूमिहीन मजूर यांच्यासाठीच ती योजना आहे. वस्तीवरच्या एका आजी नवरा गेल्यापासून प्राधान्य यादीत एकट्या आहेत. महिन्याला पाच किलो नेतात, विसाव्या दिवशी डबा संपतो. त्यांचा अंत्योदयाचा अर्ज आम्ही नवऱ्याचा मृत्यूदाखला, उत्पन्नाचा दाखला आणि ग्रामपंचायतीच्या ठरावासकट दिला आहे. तिथेही इष्टांक आहेच. गावातलं एक अंत्योदय कार्ड आता रिकाम्या घराचं आहे, तिथलं शेवटचं माणूस वारलं. पुढच्या ग्रामसभेत यादी वाचायला लावायचं ठरलं आहे. तोवर काही अडलं तर 1967 किंवा 1800-22-4950, दोन्ही फोन फुकट. तक्रारीचा नंबर लिहून घ्या, आणि तो अर्जाच्या पोहोचेला टाचून ठेवा.