यंत्राने काढलेली थकबाकी

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटली की मुलांना निबंध लिहून देणारी, चित्रे काढणारी यंत्रे आठवतात. आजी-आजोबांना त्याचे फारसे काही वाटत नाही. ज्याचा निबंध त्याने लिहावा, एवढेच त्यांचे म्हणणे. पण एखाद्या माणसाकडून पैसे परत घ्यायचे की नाही, हे यंत्र ठरवू लागले तर ती गोष्ट घराघराची होते. ऑस्ट्रेलियात हे घडून गेले आहे. तिथले यंत्र बुद्धिमान मुळीच नव्हते. त्याला फक्त हिशोब येत होता, आणि तोही चुकीचा. या प्रकरणाचे लोकांत रूढ झालेले नाव 'रोबोडेट'.

बेकार, विद्यार्थी, आजारी अशा लोकांना सरकार सेंटरलिंकमार्फत भत्ता देते. त्याचा हिशोब पंधरवड्याचा असतो. (मराठी पंधरवडा पंधरा दिवसांचा, इथला चौदा, म्हणून वर्षाला २६.) त्या पंधरवड्यात कमाई जास्त झाली की भत्ता कमी होतो. टॅक्स ऑफिसकडे मात्र वर्षभराच्या कमाईचा आकडा असतो. पूर्वी दोन्हींत तफावत दिसली, तर कर्मचारी स्वतः कागद तपासत, गरज पडल्यास मालकाकडे चौकशी करत. २०१६ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर यंत्राकडे गेले. माणसाने जुना तपशील दिला नाही, तर यंत्र वर्षाची कमाई २६ पंधरवड्यांत सारखी वाटून टाकी.

समजा, एक विद्यार्थिनी पहिले सहा महिने बिनपगारी होती. त्या १३ पंधरवड्यांत तिने भत्ता घेतला. मग नोकरी लागली आणि उरलेल्या १३ पंधरवड्यांत तिने दर वेळी २,००० डॉलर कमावले. वर्षाचे झाले २६,०००. यंत्राने भागाकार केला: दर पंधरवड्याला १,०००. म्हणजे भत्ता घेत असतानाही ती हजार डॉलर कमावत होती आणि ते तिने लपवले! भागाकार बरोबर, निष्कर्ष खोटा. तिच्या नावावर थकबाकी चढली.

इथपर्यंत चूक गणिताची. त्याहून मोठी चूक पुढे झाली. थकबाकी नाही हे सिद्ध करण्याचे काम पत्र मिळालेल्या माणसावर टाकले गेले. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणा, नाहीतर पैसे भरा. दुकान बंद पडलेले, मालक गाव सोडून गेलेला, चिठ्ठ्या कुठून आणणार? कोकणातला वाणीसुद्धा उधारी मागताना आपली वही उघडून दाखवत असे. यहुदी कायद्यातही तलमूदच्या काळापासून हाच नियम आहे: दुसऱ्याकडून पैसे मागणाऱ्यानेच पुरावा आणायचा. रोबोडेटने हे उलटे केले.

काही पत्रे जुन्या पत्त्यांवर गेली. वसुली खासगी कंपन्यांकडे दिली गेली. कित्येकांनी घाबरून, न देणे असलेले पैसे भरले. काही तरुणांनी आयुष्य संपवले. त्यांच्या आयांनी पुढे चौकशी आयोगासमोर साक्ष दिली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मेलबर्नच्या एका तरुणीच्या खटल्यात, अशी नुसती सरासरी काढून थकबाकी लावता येत नाही, हे फेडरल कोर्टात मान्य करण्याची वेळ सरकारवर आली. मे २०२० मध्ये सरकारने पैसे परत करण्याची घोषणा केली. सुमारे ४,३३,००० लोकांवर मिळून जवळजवळ १७६ कोटी डॉलरची बेकायदा थकबाकी लादली गेली होती. माजी न्यायाधीश कॅथरीन होम्स यांच्या रॉयल कमिशनने ७ जुलै २०२३ रोजी अहवाल दिला; त्यात ५७ शिफारशी आहेत. ही योजना न न्याय्य होती, न कायदेशीर, असे त्यांनी स्पष्ट म्हटले.

भागाकाराची चूक निदान कागदावर मांडून दाखवता येते. आजची शिकाऊ यंत्रे हजारो उदाहरणांवरून स्वतःच अंदाज बांधतात, तेव्हा तेही कठीण होते. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांतून संशयित निवडायला असेच यंत्र वापरले गेले, आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही हेही त्यात पाहिले जाई. हजारो निरपराध कुटुंबे कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

ऑस्ट्रेलियाने खासगीपणाच्या कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती केली. तिच्यानुसार १० डिसेंबर २०२६ पासून, माणसावर मोठा परिणाम करणारे निर्णय यंत्राकडून घेतले जात असतील, तर संस्थांना आपल्या धोरणात तसे सांगावे लागणार आहे. पण ते धोरण वाचणार कोण? सरकारी पत्र आले की अनेक घरांत आजोबा ते नातवापुढे ठेवतात. नातू इंग्रजी वाचतो, पण 'थकबाकी', 'मुदत', 'फेरतपासणी', 'हरकत' हे शब्द त्याला येत नसतील, तर तो एवढेच सांगतो, "पैसे भरायला सांगितलेत." आजोबा भरून मोकळे होतात. हरकत घेता येते, हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

घरी करायचे: वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीने फक्त शेवटचे चार पंधरवडे नोकरी केली आणि दर वेळी १,९५० डॉलर कमावले, असे धरा. यंत्र तिची पंधरवड्याची कमाई किती दाखवील? हे गणित घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठीत समजावून सांगा. मग वरचे चारही शब्द वापरून सेंटरलिंकला तिच्या वतीने पाच ओळींचे पत्र लिहा.