बिल्ल्यामागचा क्रमांक

नाणी, टपाल तिकिटे, जुनी हस्तलिखिते जमवणाऱ्या संग्राहकांविषयी आपण वाचलेले असते. जर्मनीतील राजकीय पक्षांचे जुने बिल्ले जमवणाऱ्यांचाही एक वर्ग आहे. कोटाच्या कॉलरवर लावायची ही वस्तू रुपयाच्या नाण्याएवढी. पण ती अस्सल की बनावट, हे ठरवताना धातुविद्या, रसायनशास्त्र आणि इतिहास या तिन्हींची मदत घ्यावी लागते. प्रस्तुत पाठात आपण या परीक्षणाची ओळख करून घेणार आहोत.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ ते १९३३ या काळात, जर्मनीत वायमार प्रजासत्ताक होते. त्या काळी माणसाचा पक्ष त्याच्या कॉलरवरून ओळखता येई. डिसेंबर १९३१ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष व कामगार संघटना यांनी नाझींच्या विरोधात ‘आयझर्न फ्रोंट’, म्हणजे पोलादी आघाडी, उभारली. तिरपे तीन बाण हे तिचे चिन्ह. हिटलर सत्तेवर आल्यावर असा बिल्ला घरात बाळगणेही धोक्याचे ठरले. नाझी पक्षाच्या बिल्ल्यावर ‘हाकेनक्रॉइझ’ असे. आपल्या उंबरठ्यावरील स्वस्तिकाशी त्याचे रूप जुळते. पण युरोपात आज ते चिन्ह पाहताच लक्षावधी लोकांच्या हत्येची आठवण होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

बनावट बिल्ल्यांचा सुळसुळाट नाझी पक्षाच्या ‘सुवर्ण बिल्ल्या’च्या बाबतीत विशेष आढळतो. हा बिल्ला १९३३ मध्ये सुरू झाला. पक्षाची १९२५ साली पुनर्स्थापना झाली, तेव्हापासून ज्यांचे सदस्यत्व अखंड होते आणि ज्यांचा सदस्य क्रमांक एक लाखाच्या आत होता, त्यांनाच तो मिळे. मधल्या काळात अनेक जण पक्ष सोडून गेल्यामुळे प्रत्यक्ष बिल्ले एक लाखापेक्षा पुष्कळच कमी निघाले. भोवती सोनेरी पर्णमाला आणि मागील बाजूस धारकाचा क्रमांक, ही त्याची ओळख. काही बिल्ले मात्र खास सन्मान म्हणून दिले गेले. त्यांच्या पाठीवर हिटलरच्या नावाची आद्याक्षरे व दिनांक आढळतो.

परीक्षक प्रथम भिंग हाती घेतो. अस्सल बिल्ला पोलादी ठशाने दाबून घडवलेला असल्यामुळे त्याच्या कडा व अक्षरे रेखीव उमटतात. नक्कल करणारा बहुधा अस्सल नमुन्यावरून साचा काढून धातू ओततो. ओतीव धातूत बारीक छिद्रे राहतात, आणि धातू थंड होताना आकसत असल्याने नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. मिलिमीटरच्या अंशाइतका हा फरक कित्येकदा निर्णायक ठरतो. रंगाचेही तसेच. खरा मीना म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. स्वस्त नकलेत तिच्या जागी नुसता रंग किंवा प्लॅस्टिक असते. कापडी दंडपट्ट्या अतिनील प्रकाशात धरून पाहतात. युद्धानंतरचे शुभ्रकारक द्रव्य त्या प्रकाशात निळसर चमकते. मात्र जुने कापड आधुनिक साबणाने धुतले असेल तर तेही चमकते, म्हणून या एकाच कसोटीवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

सोबतच्या कागदपत्रांवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. श्टुटगार्टचा कोनराड कुयाऊ हा नाझीकालीन वस्तूंचा व्यापार करी आणि साध्या वस्तूंची किंमत वाढवण्यासाठी त्यांना खोटी प्रमाणपत्रे जोडी. पुढे त्याने हिटलरच्या ‘रोजनिशी’ही लिहून काढल्या. ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने १९८३ साली त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. परंतु थोड्याच दिवसांत जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने त्यातील साहित्य युद्धोत्तर काळातील असल्याचे दाखवून दिले. कुयाऊला तुरुंगवास झाला. त्याच्या हातून विकल्या गेलेल्या वस्तूंकडे संग्राहक साशंकतेने पाहत राहिले, यात नवल नाही.

तेव्हा खरी साक्ष क्रमांकाची. आणि ती आज उपलब्ध आहे हा केवळ योगायोग. १९४५ साली, पराभव समोर दिसू लागल्यावर, नाझी पक्षाने आपली सदस्यपत्रे लगदा करण्यासाठी म्युनिकजवळच्या एका कागद गिरणीत पाठवली. गिरणीचे मालक हान्स हुबर यांनी तो आदेश पाळला नाही. पत्रांचे गठ्ठे त्यांनी इतर रद्दीखाली लपवून ठेवले. पुढे ही पत्रे अमेरिकनांच्या ताब्यात बर्लिनमध्ये राहिली आणि १९९४ मध्ये जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराकडे आली. सुमारे १ कोटी २७ लाख पत्रांचा हा साठा आहे. ‘मी पक्षात नव्हतोच’ असे युद्धानंतर सांगणाऱ्या अनेकांचे खोटेपण याच पत्रांनी उघड केले.

बिल्ल्यामागचा क्रमांक या नोंदींशी ताडून पाहिला की धारकाचे नाव, कधीकधी छायाचित्रही, समोर येते. पण लबाड नक्कलकार खऱ्या सदस्याचाच क्रमांक खोट्या बिल्ल्यावर कोरू शकतो. नोंद जुळली तरी धातूची परीक्षा टळत नाही. शिवाय, अशा बनावटीत केवळ ग्राहकाचे पैसे बुडत नाहीत. एखाद्या माणसाच्या अपराधाचा पुरावाच गढूळ होतो.

जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन हा गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन व कला यांना त्यातून सूट आहे. खाजगी संग्रहाला बंदी नाही. काही जण हौसेने, तर काही जण नाझींविषयीच्या छुप्या आकर्षणातून हे बिल्ले विकत घेतात, हे नाकारता येणार नाही. संग्रहालयातील काचेमागचा बिल्ला आणि अभिमानाने मिरवलेला बिल्ला, धातू एकच असला तरी, एक नव्हेत.

पाठगत प्रश्न
१. ओतीव नक्कल अस्सल बिल्ल्यापेक्षा किंचित लहान का भरते?
२. क्रमांक नोंदीशी जुळला, तरी बिल्ला अस्सल मानता येईल का? सकारण लिहा.