आगीचा दाखला

इनामगावी घोडनदीकाठी 1968 पासून झालेल्या उत्खननात तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या कुडाच्या घरांतून चुली आढळल्या. चूल व शाकारलेले छप्पर यांचे शेजार असे जुने आहे. तामिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेत, 16 जुलै 2004 रोजी, स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपरास लागून 94 मुले दगावली.

महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्यान्वये, ज्या इमारतींस तो लागू आहे त्यांच्या मालकाने वा भोगवटादाराने, अग्निशमनाची साधने सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचा असतो. परंतु जानेवारीत दाखला मिळाला आणि मार्चमध्ये नळकांड्यातील दाब उतरला, तर तो कागद काय विझविणार? विद्यार्थ्यांनो, नळकांड्यास तबकडी असल्यास काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे जातायेता पाहावे. नसल्यास गुरुजींस तत्काळ कळवावे. त्याच्यापुढे दप्तरांचा ढीग रचलेला असतो, तोही उचलावा.