घरच्या मिरचीची बेगमी

भातकापणी आटोपल्यावर विहिरीच्या पाण्यावर मिरचीचे चार वाफे करण्याची रीत रत्नागिरी जिल्ह्यात जुनीच आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’ ही जात अनेकांच्या परिचयाची आहे. पीक येते, खरी अडचण ते टिकविण्याची असते. येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. वैशाखात भरलेला डबा श्रावणात उघडावा, तो आत बुरशी दिसावी, असे पुष्कळ घरी घडते.

ही बुरशी केवळ मिरचीचा रंग व भाव घालवीत नाही. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते यकृतास बाधते. १९७४ साली राजस्थान व गुजरात यांच्या आदिवासी भागांत अशा विषाने दूषित झालेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. मिरची आपण थोडी खातो हे खरे, पण रोज खातो; आणि हे विष फोडणीने वा शिजविण्याने नाहीसे होत नाही. म्हणून बुरशी आलेली मिरची निवडून, पुसून कांडण्यास घेऊ नये.

वाळविण्यासाठी पूर्ण लाल झालेलीच फळे तोडावीत. कीड लागलेली व फुटलेली वेगळी काढावीत. तोडलेली मिरची दोन दिवस सावलीत ढीग करून ठेवल्यास रंग सारखा येतो. नंतर ती स्वच्छ चटईवर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरावी. सारवलेल्या अंगणात थेट पसरल्यास माती व जंतू चिकटतात. जांभ्याचा कातळ उत्तम तापतो, परंतु त्यावरही काही अंथरलेच पाहिजे. दिवसातून दोनतीनदा मिरची परतावी. सर्वांत अधिक हयगय होते ती सायंकाळी. समुद्रकाठच्या दमट हवेत दिवसा वाळलेली मिरची रात्री पुन्हा ओल धरते. म्हणून सूर्यास्तापूर्वी ती गोळा करून झाकावी. वळवाच्या सरीचा भरवसा नसल्याने हे काम मे महिन्याच्या अखेरीपर्यंत लांबवू नये.

साठवणीच्या मिरचीत शेकडा १० च्या आसपासच पाणी राहिले पाहिजे. चार किलो पिकल्या मिरचीची साधारण एक किलो वाळलेली होते. मिरची हलविली असता आत बी खडखड वाजावे; देठाशी दाबल्यास ओलसर लागू नये. वाळलेली मिरची पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावी. गरम भरल्यास झाकणाला पाणी सुटते. डबा भिंतीला टेकवून न ठेवता फळीवर ठेवावा.

हिरव्या मिरचीसाठी मात्र, घरी शीतकपाट असल्यास, गोठविणे सोयीचे. मिरची धुऊन पूर्ण कोरडी करावी, देठ काढावेत व आठवड्याला लागेल तेवढीच एकेका पिशवीत, आतील हवा दाबून काढून, भरावी. उणे १८ अंश तपमानात ती कित्येक महिने टिकते. देठ काढताना हातांस गोडेतेल लावावे. लहान मूल सांभाळणाऱ्या बाईने तर अवश्य. गोठविलेली मिरची सुटल्यावर मऊ पडते, सबब ती तशीच फोडणीत टाकावी.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज वारंवार जाते, त्यामुळे वर्षाची सगळी बेगमी गोठवणीवर सोपवू नये. वीज गेली असता कपाट उघडू नये. पिशवीतील मिरची सुटून मऊ झालीच, तर ती पुन्हा न गोठविता त्याच दिवशी मीठ घालून, परतून खर्डा करावा व दोनतीन दिवसांत संपवावा.