‘नगर’ बदलण्याआधी

चि. मुक्ता,


तू पाठवलेली स्क्रिप्ट वाचली. ग्रंथालयाच्या नोंदींतली गावांची जुनी नावे सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने एका दमात बदलायची, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. हाताने ओळीमागून ओळ दुरुस्त करणाऱ्याची नजर दुपारनंतर चुकायला लागतेच. पण ही स्क्रिप्ट मूळ फाइलवर आज चालवू नकोस. का, ते सविस्तर लिहितो.

तुझा पहिला नियम अहमदनगरचे अहिल्यानगर करतो. लोक नुसते ‘नगर’ही लिहितात, म्हणून दुसरा नियम नगरचे अहिल्यानगर करतो. आता सेड एक ओळ उचलतो, तिच्यावर सगळे नियम वरून खाली चालवतो आणि मगच पुढची ओळ घेतो. त्यामुळे पहिल्या नियमातून नुकतेच बाहेर पडलेले ‘अहिल्यानगर’ लगेच दुसऱ्याच्या तावडीत सापडते आणि त्याचे ‘अहिल्याअहिल्यानगर’ होते. पुण्याचे शिवाजीनगर ‘शिवाजीअहिल्यानगर’ होते, नगरपालिका ‘अहिल्यानगरपालिका’ होते. सेडपुढे नुसती अक्षरांची रांग असते. तिच्यातले गाव कोणते, हे आपणच नेमके सांगायला हवे. ‘नगर’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम, मोकळी जागा किंवा ओळीचा काठ असेल तरच बदल, एवढे बंधन त्या नियमाला घाल.

औरंगाबादचा नियम याहून नाजूक आहे. २०२३ मध्ये ‘छत्रपती संभाजीनगर’ झाले ते आपले, महाराष्ट्रातले औरंगाबाद. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे आणि त्याचे नाव तेच आहे. शिवाय मराठीत गावाचे नाव अनेकदा एकटे येत नाही. औरंगाबादचा, औरंगाबादला, औरंगाबादेत. तुझ्या नियमाने ‘औरंगाबादेत’चे ‘छत्रपती संभाजीनगरेत’ होईल, आणि असे कुणी मराठी माणूस बोलत नाही. तिथे ‘संभाजीनगरात’ हवे. औरंगाबादकर हे तर आडनाव. एखाद्या सभासदाचे आडनाव बदलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणून सेडला हात लावण्याआधी ग्रेप ही शोधणारी आज्ञा चालव. नमुना असा दे की ‘औरंगाबाद’ आणि त्याला चिकटून मोकळ्या जागेपर्यंत जे काही असेल ते सगळे सापडावे, आणि ओ हा पर्याय लाव म्हणजे पूर्ण ओळीऐवजी तेवढाच तुकडा छापला जाईल. ते क्रम लावणाऱ्या सॉर्टमधून आणि मग सी पर्याय लावून सारख्या ओळी एकत्र करणाऱ्या युनिकमधून काढ. प्रत्येक रूप किती वेळा आले, याची आकड्यासकट यादी समोर येते. ती यादी नीट वाच. तुझ्या फाइलमध्ये खरोखर काय आहे हे तिथे कळते, आणि नियम त्या यादीवरून लिहायचे असतात.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुझ्या फाइलमध्ये सभासदांचे पत्ते आहेत तशाच ग्रंथांच्या नोंदीही आहेत. पत्त्यातले गाव आज जे नाव असेल ते लिहावे. पण पुस्तकाचे शीर्षक आणि प्रकाशनस्थळ शीर्षकपानावर जसे छापले असेल तसेच नोंदवायचे असते. १९६० च्या पुस्तकावर ‘औरंगाबाद’ छापले असेल तर नोंदीतही औरंगाबादच राहिले पाहिजे, नाहीतर उद्याचा अभ्यासक चुकीच्या माहितीवर विसंबेल. तुझ्या नोंदींची प्रत्येक ओळ ‘सभासद’ किंवा ‘ग्रंथ’ या शब्दाने सुरू होते, हे फार सोयीचे आहे. नियमाच्या आधी सेडचा ‘पत्ता’, म्हणजे नियम कोणत्या ओळींना लागू आहे हे सांगणारा नमुना, लाव:

/^सभासद/एस/अहमदनगर/अहिल्यानगर/जी

(एस आणि जी अर्थात रोमन अक्षरांतच टंकायचे, आणि सगळी आज्ञा एकेरी अवतरणात ठेवायची, म्हणजे शेल तिच्यात ढवळाढवळ करणार नाही.) आता ग्रंथांच्या ओळींना धक्का लागत नाही. बिहारच्या ओळी वगळायच्या तर /^सभासद/ नंतर महिरपी कंस उघडून त्यात /बिहार/, उद्गारचिन्ह आणि मग नियम लिही, आणि अर्धविराम देऊन कंस बंद कर.

सेड एका वेळी एकच ओळ का पाहतो, असे तू विचारले होतेस. १९६९ मध्ये केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये एड हा संपादक लिहिला, तेव्हा समोर पडदा नव्हता, कागदावर छापणारे टेलिटाइप होते. तिथे ओळीचा क्रमांक सांगून काम करणेच सोयीचे. १९७३-७४ च्या सुमारास ली मॅकमहॉन यांनी त्याच आज्ञा घेऊन सेड घडवला. फाइल कितीही मोठी असो, ती ओळीओळीने वाहत जाते. म्हणून ‘छत्रपती’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘संभाजीनगर’ पुढच्या ओळीच्या आरंभी असेल, तर साधा नियम ती जोडी पाहू शकत नाही.

नुसत्या ‘संभाजीनगर’चे ‘छत्रपती संभाजीनगर’ करणारा तुझा नियम दोनदा चालला की ‘छत्रपती छत्रपती’ होते. त्यावर उपाय सोपा आहे: आधीच्या नियमात ‘छत्रपती संभाजीनगर’चे नुसते ‘संभाजीनगर’ कर, मग सगळ्यांना ‘छत्रपती’ लाव. कितीदाही चालव, निकाल तोच येईल.

साताऱ्याच्या ओळी कमी सापडतात असे लिहिलेस, त्याचे कारण ‘ऱ्या’मध्ये आहे. काही जण तो स्वतंत्र ‘ऱ’ वापरून टंकतात, काही जण साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण आतले क्रमांक वेगळे असतात. दोन्ही प्रकारची एकेक ओळ ओडी या आज्ञेतून काढून बघ, फरक लगेच दिसेल. सगळ्यांच्या आधी एक नियम घालून दुसऱ्या प्रकाराचा पहिला करून टाक.

निकाल त्याच फाइलच्या नावात वळवू नकोस. सेड सुरू होण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करतो आणि हाती काही राहत नाही. नव्या नावाने काढ आणि फरक दाखवणाऱ्या डिफने जुनी-नवी शेजारी ठेवून वाच. जागच्या जागीच बदलायचे तर आय या पर्यायाला चिकटून ‘.बॅक’ लिही, म्हणजे जुनी प्रत उरते. असे लिहिलेले तुझ्या लिनक्सवर चालते आणि ग्रंथपालबाईंच्या मॅकवरही.

औरंगाबादच्या रूपांची यादी निघाली की मला पाठव. ‘औरंगाबादेत’सारखी जी रूपे नियमात बसत नाहीत, ती आपण रविवारी फोनवर बसून एकेक ठरवू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा