ओढ्याकडच्या कुंपणाला निर्गुडी: खर्च किती?

ओढ्याकडची बाजू ढासळतेय, पावसाळाभर चिखल असतो, तिथे काय लावू, असं कुणी विचारलं की मी निर्गुडीच सुचवते. आपल्याकडे ओढ्यानाल्यांच्या काठी ती आपसूक वाढते, माती धरून ठेवते, आणि गुरंही सहसा तिला तोंड लावत नाहीत. पाणी साचून ओसरणारी जागा तिला मानवते. बारमाही डबकं मात्र नको.

दहा मीटर कुंपणाचा अंदाज धरू. दोन फुटांवर एक, म्हणजे १७ रोपं. पिशवीतलं रोप ४० रुपयांना धरलं तर ६८०. फूटभर खोल खड्डे घेऊन लावायला एका माणसाची दिवसाची मजुरी ६००, शेणखताची चार पोती ४००. झाले १,६८० रुपये. हे आकडे नमुन्याचे. आपल्या गावचे दर घालून बेरीज करा. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतही आधी चौकशी करा.

रोपांचे पैसे तर पूर्ण वाचू शकतात. जूनमध्ये ओळखीच्या झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या घ्या, दोन डोळे मातीत जातील अशा खोचा. काही मरतात, म्हणून १७ हवी असतील तर २५ लावा. फांदी योग्य झाडाची आहे ना, हे पाहून घ्या: एका देठावर तीन किंवा पाच लांबट पानं, खालून पांढुरकी, चुरगळली की उग्र वास.

खरा खर्च पहिल्या उन्हाळ्यात असतो. आठवड्यातून दोनदा पाणी आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर, एवढं सांभाळलं की पुढे ती फारसं मागत नाही. त्यासाठी टँकर मागवू नका. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बुंध्याशी ओता.

छाटणीचं कंत्राट तर मुळीच देऊ नका. माळी ड्युरांटासारखी दर महिन्याला कात्री चालवतात आणि मग मालक म्हणतो, निर्गुडीला फुलंच येत नाहीत. येणार कशी? तिचे निळसर जांभळे तुरे नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात, आणि शेंडेच तर कापले जातात. वर्षातून एकदा, मे महिन्यात, कमरेएवढी उतरवा. पावसाबरोबर नवी फूट येते, तुरे धरतात, मधमाश्यांची झुंबड उडते. छाटलेला पाला जाळू नका. सावलीत वाळवून धान्याच्या कणगीत घालायची जुनी रीत आहे. सुजलेल्या गुडघ्याला शेक द्यायलाही तो घराघरांत वापरतात.

काठाची जागा आपल्या हद्दीबाहेर असेल, तर लावण्याआधी ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला विचारा. आणि झुडपं काठावरच लावा, पात्रात नको; पुराचं पाणी तुंबून शेजाऱ्याच्या शेतात शिरेल.