खोगीर, लगाम आणि आरी

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत सांगण्याजोगे संपले आणि पाने मात्र शिल्लक राहिली, म्हणजे आपण जे काही लिहीत सुटतो त्याला आपले प्राध्यापक ‘खोगीरभरती’ असे नाव देतात. केवळ जागा अडवणारे, निरुपयोगी ते खोगीरभरती, हा अर्थ आपल्या अंगवळणी पडला आहे. परंतु ज्या खोगिरावरून हा शब्द आला, ते खोगीर आपल्यापैकी कितीजणांनी हात लावून पाहिले असेल? त्यात चिंध्या, लोकर, कापूस, गवत असे हाताशी येईल ते भरीत, म्हणून भाषेने त्या भरतीला हिणवले. त्या भरतीवर घोड्याचे आरोग्य आणि स्वाराचा जीव अवलंबून असे, ही गोष्ट भाषा विसरली. ती भरणाऱ्या हातांचेही तेच झाले. प्रस्तुत लेखात या विसरलेल्या वस्तूंचा आणि हातांचा थोडा परिचय करून देण्याचा विचार आहे.

खानदेश आणि घोडा

दक्षिणेतून माळव्यात आणि उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या फौजांचा मोठा राबता खानदेशातून असे. दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर, उत्तरेला सातपुडा, आणि मधून वाहणारी तापी. या प्रदेशाचे जुने राजकीय केंद्र बऱ्हाणपूर. त्याच्या रक्षणाला असीरगड. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, पुढे मराठ्यांचा अंमल आला, आणि १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. या साऱ्या काळात घोडा हेच सैन्याचे मुख्य वाहन होते. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपले सामान घेऊन चाकरीस येई. साहजिकच खोगीर फाटले किंवा तंग तुटला, तर शिलेदाराला तो खर्च आपल्याच पदरचा.

साजाची अंगे

घोड्याच्या पाठीवर बसणे सोपे दिसते, पण पाठीचा कणा वजन पेलण्यासाठी घडलेला नाही. चांगले खोगीर स्वाराचे वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर वाटून देते आणि कण्यावर मधोमध मोकळी पन्हळ ठेवते. भरती एके ठिकाणी गोळा झाली, की तेवढ्याच जागी दाब पडतो, कातडी सोलवटते आणि जखम होते. पाठ लागलेला घोडा कितीही जातिवंत असला तरी मोहिमेत निकामीच. म्हणून भरती सारखी बसवणे हे कौशल्याचे काम होते.

खोगीर जागच्या जागी ठेवतो तो छातीखालून आवळलेला पट्टा म्हणजे तंग. तो सैल राहिला तर खोगीर कलते. फार आवळला तर घोड्याला काचतो. शेपटीखालून घेतलेली दुमची खोगिराला पुढे सरकू देत नाही. सपाट मुलखात तिचे महत्त्व जाणवत नाही. पण कन्नडच्या घाटाने चाळीसगावकडे उतरणाऱ्या स्वाराला ती नसती, तर खोगिरासकट तो घोड्याच्या मानेवर आला असता. लगामाचे लोखंडी कडियाळे घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसते. निसर्गाने ठेवलेल्या एवढ्याशा फटीवर माणसाची सारी घोडेस्वारी उभी आहे! रिकिबी वाद्यांनी लटकतात. स्वार नेहमी डाव्या बाजूने चढतो, त्यामुळे डावी वादी अधिक ताणली जाऊन लांब होते. जाणता माणूस दोन्ही वाद्या मधूनमधून अदलून-बदलून लावतो.

कातडे ते जीन

हे सारे पट्टे येतात कातड्यातून. कच्चे कातडे प्रथम भिजवून चुनखडीच्या पाण्यात ठेवीत. केस सुटे झाले की खरवडून काढीत. चुना धुऊन गेल्यावर कमावण्यास आरंभ होई. बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा ही आपल्याकडची जुनी द्रव्ये. एका पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून टांगीत आणि सालींचे पाणी त्यात पुनःपुन्हा ओतीत. ते झिरपत झिरपत कातडे पक्के होई. या कामाची दुर्गंधी आणि मेहनत ज्यांनी सोसली ते ढोर समाजाचे लोक. कमावलेल्या चामड्याच्या वस्तू बनवणे हे चांभारांचे आणि मोच्यांचे काम. आणि जीन करणारा तो जिनगर.

शिवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. आरीने भोक पाडून त्याच भोकातून दोऱ्याची दोन्ही टोके दोन बाजूंनी ओवायची आणि आवळायची. एक दोरा झिजून तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. शिलाईयंत्राचा टाका एके ठिकाणी तुटला की उसवत जातो. भरधाव घोड्यावर हा फरक किती मोठा, हे सांगावयास नको.

शब्द कोणाचे, वस्तू कोणाची?

आता शब्दांकडे वळू. जीन, लगाम, तंग, दुमची, तोबरा, चाबूक हे शब्द फारशी. रिकीब आणि नाल मुळात अरबी. खुद्द ‘खोगीर’ हाही फारशी शब्द. ‘घाम टिपून घेणारे’ असा त्याचा मूळ अर्थ. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारशी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; परंतु पागेतील बोलीने आपले खोगीर आणि आपला लगाम सोडला नाही.

कारागिराच्या दुकानात शिरले, की मात्र भाषा पालटते. आरी म्हणजे अमरकोशात सापडणारी संस्कृत ‘आरा’. अर्थ तोच, चामडे टोचण्याचे हत्यार. वादी ही ‘वर्ध्री’पासून आली. चांभार म्हणजे चर्मकार. घोड्याच्या पाठीवरचे शब्द दरबाराबरोबर आले. कारागिराच्या मुठीतले शब्द त्याच्याही शेकडो वर्षे आधीपासून इथे होते. राज्ये बदलली, स्वार बदलले, आरी तीच राहिली. असे असूनही इतिहासात घोड्यांची नावे सापडतात. जीन शिवणाऱ्याचे नाव क्वचितच.

याचे कारण उघड आहे. कातड्याला शिवणारा हात समाजाने अस्पृश्य ठरवला. खानदेशातल्या विहिरींवर मोट चाले, ती कातड्याची. ज्याच्या हातची मोट दिवसभर त्या पाण्यात बुडे, त्याला त्याच विहिरीवर घागर भरण्याची मुभा नव्हती. याहून मोठी विसंगती कोणती असू शकेल? घोडदळांचा काळ सरल्यावर जिनगर चित्रकाम, मूर्तिकाम, धातुकाम अशा अनेक कलांत नावारूपास आले. जीन मागे पडले, नाव राहिले.

पुढे काय झाले?

१८६० नंतरच्या दशकात जळगाव-भुसावळवरून आगगाडी धावू लागली आणि दूरच्या प्रवासातून घोडा हटला. पण धंदा लगेच बुडाला नाही. स्टेशनावरून गावात जाण्यास टांगे हवे होते, आणि टांग्याच्या घोड्याला पट्टे, लगाम, झापडे लागतच. खोगीर शिवणारा हात टांग्याचा साज शिवू लागला. पुढे विहिरींवर इंजिने व विजेचे पंप आले, मोट गेली. रस्त्यावर रिक्षा आल्या, टांगे गेले. एकाच कारागिराची दोन गिऱ्हाइके अशी एकामागून एक उठून गेली.

तरी घोडा खानदेशातून अजून गेलेला नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते आणि तिच्यात घोड्यांचा मोठा बाजार असतो. हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. तिथे साजाची दुकानेही लागतात. मात्र चामड्याच्या जोडीला नायलॉनचे पट्टे आले आहेत. ते स्वस्त, टिकाऊ आणि पाण्याला न भिणारे आहेत, हे मान्य केले पाहिजे. गिऱ्हाइकाला दोष देऊन उपयोग नाही.

वस्तू जातील, त्यांचे ज्ञान मात्र जाऊ देता कामा नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ मध्ये धुळ्यातच देह ठेवला. त्यांनी जन्मभर गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. चांभाराच्या दुकानात दप्तर नसते. त्याचे दप्तर त्याच्या हातात आणि तोंडात असते. ते वाचण्यासाठी मोडी यावी लागत नाही. त्याच्या शेजारी बसावे, कोणत्या हत्याराला तो काय म्हणतो ते विचारावे, अहिराणीत सांगेल तर अहिराणीतच लिहून घ्यावे, आणि त्याच्याबरोबर चहा घ्यावा. सुटीत आपल्यापैकी प्रत्येकाने असे एक दुकान गाठले, तरी एक शब्दसंग्रह सहज उभा राहील.

आणि त्यानंतर कुणी आपल्या लेखाला ‘खोगीरभरती’ म्हटलेच, तर रागावू नये. भरती नीट बसली होती का, एवढेच त्याला विचारावे.